राजाले पाहिलं का?

आमच्या ट्रंकेत बाहुल्या नऊ आणि किस्से नव्वद. बाहुल्या तरी मोजून ठेवता येतात. किस्से नाही, कारण ट्रंक उघडली की कोणीतरी एक बाहुली हातात घेऊन म्हणतंच, "याची बाही कशी फाटली, आठवते का?" झालं! तालीम राहते बाजूला आणि चहा मागवावा लागतो. माझी आई म्हणते, तुम्ही लोक नाटक कमी करता अन् नाटकाच्या गोष्टीच जास्त. खरं आहे ते. मुंबईकडे म्हणे आता टीव्ही आला. आमच्या नागपुरात अजून पत्ता नाही. तोवर आमचं चालू द्या की!

आम्ही म्हणजे चौघं. डेहनकर सर, शाळेत ड्रॉइंग शिकवतात. बोटं नाजूक आणि राग तोफेसारखा. दुसरे रहीमचाचा, टेलर. बाहुल्यांचे कपडे शिवून द्यायला आले आणि राहूनच गेले. तिसरी शकुन खोब्रागडे. हिचे बाबा मिलमध्ये. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ही आईच्या पोटात होती, म्हणून सांगत असते, "मी पण होती तिथं, फक्त दिसत नव्हती." आणि चौथा मी, पभ्या, बी.कॉम. सेकंड इयर. माझं काम घोडा.

हो, घोडा! कंपनी सरकारचा घोडेस्वार आहे ना आमच्या नाटकात, त्याच्या दोऱ्या चाचांच्या हातात आणि त्याच्या घोड्याच्या माझ्या. तीन वर्षं मी चार पाय सांभाळतोय. घरी सांगितलंय की महत्त्वाचा रोल आहे.

नाटक आपल्याच गावचं. सीताबर्डीच्या टेकडीवरची लढाई. नागपूरचा राजा इंग्रजांशी लढतो, हरतो, रेसिडेंट साहेबापुढे जाऊन पगडी खाली ठेवतो. मग त्याला कैद करून दूर नेतात, आणि वाटेत तो कंपनीच्याच शिपायाचा लाल कोट घालून पसार होतो! जंगलात, गावागावांत लपतो. मागं घोडेस्वार फिरतात, इनाम लावतात, पण त्याला कोणी धरून देत नाही.

आमचा शेवटचा सीन हाच. झाडामागं लाल कोटातला राजा बसलेला, थोडासा दिसतो. घोडेस्वार येतो आणि गावकऱ्यांना नाही, थेट समोरच्या पब्लिकला विचारतो, "राजाले पाहिलं का? सांगंल त्याले गाव इनाम!"

सरांना इथं काय पाहिजे, तर शांतता. कोणी एक शब्द बोलायचा नाही. घोडेस्वार वाट पाहील, निघून जाईल, पडदा. "तेवढी एक मिनिटाची शांतता मले मिळाली ना," सर म्हणायचे, "तर मी समजीन का बाहुल्यांनी इतिहास सांगता येते."

तीन वर्षं ती मिनिटभराची शांतता आम्ही शोधून राहिलो होतो.

*

पहिल्यांदा राजाचं डोकं कसं झालं ते ऐका.

डोकी कागदाच्या लगद्याची असतात. रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात मेथीचं पीठ घालायचं म्हणजे कीड लागत नाही. सरांनी शाळेच्या कपाटातून गठ्ठाभर जुनी रद्दी आणली, दोन दिवस भिजत घातली, कुटून कुटून असा मस्त चेहरा केला, की चाचा म्हणाले, याला आता सलाम केल्याशिवाय माप घेणार नाही.

आठवड्यानं कळलं की ती रद्दी म्हणजे नववीच्या इतिहासाचे चाचणीचे पेपर होते. न तपासलेले! इतिहासाचे मास्तर सगळ्या स्टाफरूममध्ये पेपर शोधून राहिले आणि पेपर आमच्या राजाच्या खांद्यावर, मिशांसकट.

वर्गाला खरं सांगावं लागलं. सगळी नववी खूश. शेवटच्या बाकावरून एक जण उठून एवढंच म्हणाला, "सर, आता समजलं राजा काहून हरला."

*

सरांची अजून एक सवय सांगतो, पुढं लागणार आहे.

प्रयोग झाला की बाहुल्या अशाच ट्रंकेत कोंबायच्या नाहीत. मास्तर माणूस, हजेरी घेतो! सर नाव पुकारणार, ज्याच्या हातात ती बाहुली असेल त्यानं "हजर" म्हणायचं, मग बाहुली आत. "रेसिडेंट?" "हजर." "भालदार?" "हजर." घोड्याचं नाव पुकारलं की "हजर" मी म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी शकुन हसायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही.

*

पहिला प्रयोग शाळेतच, पाचवी ते सातवी. लढाई झाली, पोरं चिडीचूप. राजानं पगडी ठेवली, एक मुलगी रडली. सर पडद्यामागं फुलून आलेले. मग आमची स्वारी निघाली. मी घोडा असा नाचवला की काय सांगू. चाचांनी विचारलं, "राजाले पाहिलं का?"

तीनशे पोरं एका आवाजात: "झाडामागं!"

चाचा घाबरले. त्यांनी घोडेस्वाराची मान मुद्दाम दुसरीकडे वळवली. पोरं अजून जोरात ओरडली, "तिकडं नाही, इकडं! लाल कोटात!" एक जण तर स्टेजपर्यंत आला आणि झाडच उचलून दाखवलं.

सर दोऱ्या टाकून पडद्याबाहेर आले. "अरे, दीडशे वर्षांमागं जंगलातल्या उपाशी माणसानं त्याले धरून नाही देला," ते म्हणाले, "अन् तुम्ही पोट भरून आले अन् फितूर झाले?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हेही नाटकातलंच.

अमृतकर हेडसर मागं उभे होते. धोतर, काळा कोट, गळ्यात मफलर. नागपूरच्या उन्हात पण मफलर! त्यांनी सरांना ऑफिसात बोलावलं आणि जे सांगितलं ते आम्ही खिडकीखालून ऐकलं. इतिहास गंभीर गोष्ट आहे, म्हणाले, बाहुली पोरखेळ आहे, दोन्हीची खिचडी झाली की असंच होणार. प्रयोगशाळेमागची खोली तुम्हाला दिली आहे, ती एनसीसीला पाहिजे. तरी तीन वर्षांनी शाळेच्या रौप्यमहोत्सवाचं स्नेहसंमेलन आहे, तोवर ठेवा. त्या दिवशी पालकांसमोर करून दाखवा. पोरं पुन्हा अशीच ओरडली, तर किल्ली तिथंच माझ्या हातात द्या.

खोली गेली तर ट्रंक ठेवायला जागा नाही. सरांच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं. खोली गेली की नाटक गेलं, इतका सोपा हिशोब होता.

सर बाहेर आले आणि म्हणाले, "चला, तालीम." बस्स.

*

मग ठरलं की संमेलनाआधी प्रयोगावर प्रयोग करायचे आणि ती शांतता कुठं मिळते ते पाहायचं. मोठ्या माणसांपुढे करू, मोठी माणसं कशाला ओरडतील?

चाचांनी मोमिनपुऱ्यात त्यांच्या मोहल्ल्यात प्रयोग ठरवला. पब्लिक एकदम कदरदान. शेवटचा सीन आला, घोडेस्वारानं विचारलं, "राजाले पाहिलं का?" आणि खरंच सांगतो, कोणी हललं नाही. पाच सेकंद. दहा सेकंद. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं फातिमाचाचींचा आवाज आला. आमच्या चाचांच्या बेगम! नवऱ्याचा आवाज त्यांनी पहिल्या वाक्यालाच ओळखला होता.

"नाक के सामने बैठा है," चाची म्हणाल्या. "घर में रोज चश्मा मैं ढूंढूं, अब राजा भी मैं ही ढूंढूं?"

मोहल्ला अजून हसतोय.

*

कन्हानला कोळसा खाणीच्या कॉलनीत काय झालं, तर तिथं कोणी ओरडलं नाही. उलट झालं! घोडेस्वारानं विचारताच एक धिप्पाड कामगार उठला, स्टेजपाशी आला आणि शांतपणे माझ्या घोड्याचा लगाम धरला. घोडा सोडेचना! म्हणाला, "आधी तू सांग, तुले काहून पाहिजे राजा?"

चाचांना पुढचा डायलॉगच नव्हता. ते वरून मला विचारतात, "क्या बोलूं?" मी म्हटलं, मी घोडा आहे, मले काय विचारता.

शेवटी शकुननं झाडामागून राजाच्या आवाजात हुकूम सोडला, "सोड रे त्याले, नोकरीवाला आहे बिचारा." तेव्हा कुठं त्यानं लगाम सोडला. प्रयोग त्या वाक्यावरच संपवावा लागला. शांतता नाही मिळाली, पण खाणीतल्या लोकांनी आम्हाला जेवू घालून पाठवलं. घोडेस्वाराला सोडून. त्याला चहासुद्धा दिला नाही, म्हणजे चाचांना!

*

राजाचा आवाज शकुनचा. हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. पोरगी बारकी, वेणी कमरेपर्यंत, आणि पडद्यामागं तोंड उघडलं की वाटतं साठ वर्षांचा माणूस हत्तीवरून बोलून राहिला.

महाल भागात एका बड्या घरी गणपतीत प्रयोग होता. संपल्यावर घरचे आजोबा पडद्याजवळ आले, डोळ्यांत पाणी. असा आवाज शिकून येत नाही म्हणाले, रक्तात लागतो. कोण्या घराण्यातले आहेत हे गृहस्थ? भेटवा.

शकुन बाहेर आली. आजोबा तिच्या मागं बघतात, अजून कोणी येते का. तिनं वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वस्ती सांगितली. आजोबांचा हात आशीर्वादाला वर गेलेला, तो तिथंच थांबला.

"रक्तात नाही जी, आजोबा," शकुन म्हणाली. "खडीसाखरेत आहे. गालात धरून बोलायचं." आणि फ्रॉकच्या खिशातून एक खडा काढून त्या थांबलेल्या हातावर ठेवला.

आजोबांनी तो खाल्ला का, हे आम्ही तिघं अजून भांडून राहिलो. चाचा म्हणतात खाल्ला. मी म्हणतो मुठीत ठेवला. शकुन म्हणते, फेकला तर नाही ना, मग झालं.

*

आणि रेसिडेंट साहेब! त्याचं काय झालं हे आधी सांगायला पाहिजे होतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट आहे.

साहेबाची हॅट दुरुस्तीला न्यायची होती. मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर उभा बांधला आणि निघालो इतवारीतून. आता नागपूरच्या माणसाला पोळ्याच्या पाडव्याला इतवारीतून काय निघते हे माहीत पाहिजे की नाही? मारबत! सगळ्या गावाची इडापिडा घेऊन जाणारी कागदाची मोठ्ठी बाई, मागं ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे, म्हणजे बडगे, ढोल, हजारो लोक. आणि मधे मी, सायकलवर, मागं गोरा साहेब.

लोकांना वाटलं माझा बडग्या आहे! एकानं विचारलं, हा कोण गा? मी म्हटलं, इंग्रज. त्यानं ओरडून सगळ्यांना सांगितलं. माझ्या डोळ्यांदेखत साहेब कॅरिअरवरून डोक्यावर, डोक्यावरून पुढच्या डोक्यावर, आणि "घेऊन जा गे मारबत" करत करत थेट जाळायच्या जागेपर्यंत. मी मागून ओरडतोय, तो नाटकातला आहे! लोक म्हणतात, मग काय झालं, नाटकातलाही वाईटच!

मी हॅट घेऊन परत आलो. तेवढीच वाचली. सरांसमोर उभा राहिलो, आता तोफ उडणार. सरांनी हॅटवरची धूळ झटकली.

"नवीन करू," म्हणाले. "पण पभ्या, दीडशे वर्षं उशिरा का होईना, नागपूरनं त्याले जाळला."

*

संमेलन दहा दिवसांवर आलं. शांतता अजून कुठंच नाही. मग उमरेडच्या पुढं, जंगलाला लागून एक गाव आहे, तिथल्या मास्तरांचं बोलावणं आलं. आम्ही एस.टी.च्या टपावर ट्रंक टाकून गेलो.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्रयोग. गाव अख्खं आलेलं. लेकुरवाळ्या बायका पुढं, म्हातारे खाटांवर. लढाई झाली, पगडी ठेवली, राजानं लाल कोट घातला, झाडामागं गेला. घोडेस्वार आला.

"राजाले पाहिलं का?"

काहीच नाही.

मला वाटलं लोक उठून गेले. फटीतून पाहिलं तर सगळे जागच्या जागी, आणि सगळे दुसरीकडे बघून राहिले! कोणी जमिनीकडे, कोणी आभाळाकडे. झाडाकडे एकही नजर नाही. कडेवरची पोरंसुद्धा. चाचांनी पुन्हा विचारलं, इनाम सांगितलं. पुढं बसलेली एक म्हातारी हळूच पदर सारखा करून झाड आणि घोडेस्वार यांच्यामधे सरकून बसली. बस्स तेवढीच हालचाल.

चाचांनी घोडेस्वाराची मान खाली घातली. नंतर म्हणाले, "पभ्या, मुझे लगा सच में मैं ही कमीना हूं." मी घोडा मागं वळवला. पडदा.

सर पडद्यामागं जमिनीवर बसले होते. मग चश्मा पुसला, उठले आणि नेहमीसारखी हजेरी घ्यायला लागले. रेसिडेंट हजर. भालदार हजर. घोडा, "हजर." शकुन हसली.

"राजे?"

कोणीच "हजर" म्हटलं नाही. झाडामागं पाहिलं. झाड होतं, पगडी होती, राजा नव्हता. दोऱ्या नीट कापून, गुंडाळून ठेवलेल्या.

सगळं गाव पालथं घातलं. ज्याला विचारावं तो तेच सांगे, इकडे नाही आला कोणी.

*

परतताना वाटेतल्या एका चौकीवर चाचांच्या आग्रहानं तक्रार दिली. हवालदार भला माणूस. वही उघडली.

"कोण हरवलं?"

"राजा," सर म्हणाले.

"वय?"

सर विचारात पडले. शकुन म्हणाली, तीन वर्षं. हवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. लहान लेकरू! त्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

"अंगावर काय होतं?"

"शिपायाचा लाल कोट."

"ओळखायची खूण?"

"मिशा," चाचा म्हणाले.

हवालदारानं पेन खाली ठेवला. आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि मग ट्रंकेकडे. सरांनी सगळं समजावून सांगितलं, राजा कसा हरला, कोट घालून कसा पळाला, जंगलाकडे कसा गेला. हवालदारानं पूर्ण ऐकून घेतलं आणि वही मिटली.

"सर," तो म्हणाला, "तुमच्याच सांगण्यावरून, तो हरवला नाही. पळाला. अन् जंगलात गेला म्हणता तर सापडत नसते."

*

संमेलनाला चार दिवस. नवीन डोकं वाळायला आठवडा लागतो, थंडीत जास्तच. राजा नाही म्हणजे नाटक नाही, खोली नाही. सर म्हणाले, पुन्हा जाऊ.

या वेळी दिवसाउजेडी गेलो. मास्तर आम्हाला गुपचूप एका घराकडे बोट दाखवून स्वतः मागल्या मागं पसार झाले. पार्बताबाईचं घर. तीच म्हातारी, मधे सरकून बसलेली.

अंगणात गोठा, गोठ्यात कुटाराचा ढीग, जनावराचा चारा. आणि त्या ढिगातून लाल कोटाची बाही बाहेर आलेली! कोपरापर्यंत! मी पाहिली, शकुननं पाहिली, चाचांनी तर स्वतः शिवलेली. सरांनीही पाहिली.

पार्बताबाई दारात उभी. तिनं ओळखलं आम्हाला. बसा म्हणाली, पाणी दिलं.

सर म्हणाले, "बाई, आमचा राजा इकडं आला का जी?"

"नाही जी," ती म्हणाली. "इकडं कोणी नाही आलं." आणि बोलता बोलता, जशी काही कोंबडी हाकलून राहिली अशी, गोठ्यापाशी गेली आणि पायानं ती बाही ढिगात सारली.

मी तोंड उघडलं तर शकुननं असा चिमटा काढला, की अजून वळ आहे.

सर सांगायला लागले. शुक्रवारी नाटक आहे, मुलांपुढे. तो लागते आम्हाले. त्याच्याबिगर आमची खोली जाईन. सगळं खरं खरं सांगितलं. म्हातारीनं ऐकलं. मग चाचांकडे बोट दाखवलं.

"हा त्या घोडेवाल्याचा माणूस आहे ना? आवाज तोच आहे याचा." मग सरांकडे वळली. "तुम्ही त्याले नेता, अन् शुक्रवारी पुन्हा त्याले साहेबाच्या पायाशी पगडी ठेवाले लावता. किती खेपा ठेवन तो?"

चाचा जमिनीकडे बघून राहिले. मी सरांकडे. आता म्हणतील, आता ढिगात हात घालतील. दोन पावलांवर तर होता!

सर उठले. चपला घातल्या. हात जोडले.

"घर चुकलं आमचं, बाई," ते म्हणाले. "पण आलाच कधी, तर उपाशी ठेवजा नका."

"या घरून कोणी उपाशी नाही जात, सरजी," पार्बताबाई म्हणाली.

एस.टी. उमरेड स्टँडला आली. मग शकुननं विचारलं, "सर, शुक्रवारी काय करायचं?" सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "पगडी आहे ना आपल्यापाशी?"

*

शुक्रवार. हॉल खच्चून भरलेला, पालक, पाहुणे, सगळी शाळा. सरांच्या खिशात खोलीची किल्ली, द्यावी लागली तर शोधायला नको म्हणून.

राजा म्हणजे दोरीला बांधलेली नुसती पगडी आणि शकुनचा आवाज. टेकडीवर पगडी, तोफांच्या धुरात पगडी, मग साहेबाच्या पायाशी हळूहळू उतरणारी पगडी. हसेल कोणी म्हणून मी कान लावून बसलो होतो. नाही हसलं कोणी.

आता पळून जायचा सीन. झाडच नाही ठेवलं सरांनी. त्यांचा प्लॅन असा, की दिवा घालवायचा, शकुननं पगडी दोरीतून सोडवून अंधारात खाली उतरायचं आणि सतरंजीवरच्या पहिल्या पोराच्या मांडीवर ठेवून परत यायचं. राजा त्यांनाच सांभाळायला द्यायचा. पाहू मग कोण धरून देते!

फक्त एक झालं. ऐनवेळी पाहुण्यांच्या खुर्च्या सतरंजीच्या पुढं आणून मांडल्या होत्या आणि पडद्यामागं आम्हाला त्याचा पत्ताच नाही. शकुन अंधारात उतरली, पहिली मांडी हाताला लागली तिच्यावर पगडी ठेवली आणि पळत परत आली.

"सर," ती कुजबुजली, "त्या पोराले धोतर होतं."

दिवा लागला. मी फटीतून पाहिलं आणि माझ्या हातातल्या घोड्याचे चारी पाय लटपटले. मधल्या खुर्चीत अमृतकर हेडसर. मांडीवर राजाची पगडी. मागं सहाशे पोरं, बाजूनं माना काढून पगडीकडंच पाहून राहिलेली!

चाचांकडे दुसरा इलाज नव्हता. घोडेस्वार पुढं आला.

"राजाले पाहिलं का?"

हेडसर बाहुलीकडे बघून राहिले. बाहुली हेडसरांकडे. मागून एक आवाज नाही. पोरं राजासाठी गप्प होती की हेडसरांच्या धाकानं, ते त्या पोरांनाच माहीत.

"सांगंल त्याले गाव इनाम," चाचा म्हणाले.

हेडसरांनी गळ्यातला मफलर सोडला. एक वेढा, दुसरा वेढा. सावकाश. मग तो मांडीवर पसरला, कडा नीट दाबून घेतल्या, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि छताकडे पाहायला लागले.

मी किती वेळानं घोडा वळवला, मला आठवत नाही. मिनिटापेक्षा खूप जास्त झाला होता.

नंतर आम्ही आवरत होतो. सरांची हजेरी सुरू. रेसिडेंट हजर. भालदार हजर. घोडा हजर. तेवढ्यात दारात हेडसर. गळा उघडा, काखेत मफलरचं गाठोडं. सर पुढं झाले, खिशातून किल्ली काढून समोर धरली. हेडसरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या छपराची दोन कौलं फुटली आहेत, म्हणाले, पावसाच्या आधी बदलून घ्या. आणि निघाले.

"सर," डेहनकर सर मागून म्हणाले, "ती पगडी तेवढी..."

हेडसर थांबले. काखेतलं गाठोडं जरा वर सरकवून घेतलं.

"कोणती पगडी?"